कऱ्हाटीच्या विहिरीतली यकृतका

पुण्याहून बारामतीला जाणाऱ्या माणसाचं काम साधारण ठरलेलं असतं. नात्यातलं लग्न, साखर कारखान्यातली खेप, नाहीतर एमआयडीसीत नोकरीची मुलाखत. आम्ही दोघं निघालो होतो नखाएवढ्या एका हिरव्या पानासाठी. एसटीत शेजारच्या बाईंनी "कुणाकडं चाललाय?" असं विचारलं. मराठे सरांनी "एका विहिरीकडे" असं खरं उत्तर दिलं. बाईंनी एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाल्या, "वडील का तुमचं? संभाळा हो."

सर माझे वडील नव्हेत, वनस्पतिशास्त्राचे शिक्षक. आता मी स्वतः कॉलेजात तेच शिकवते आणि माझ्या डोक्यावरचे केसही पिकायला लागलेत. सरांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला आहे. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, पण नजरेच्या कडेने त्याच्या सदऱ्याचं बटण तुटलेलं दिसतं. प्रवासाची तयारी माझ्याकडे होती. काय काय घ्यायचं ते लिहून काढल्याशिवाय मला घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कागदी पाकिटं, चिमटा, सुती दोर, सरांचं औषध, थर्मास, आणि ओलावा शोषून घेणारे सिलिकाचे निळे दाणे, घट्ट झाकणाच्या बरणीत.

यकृतका म्हणजे काय ते आधीच सांगते. ओल्या दगडावर किंवा पाटाच्या काठावर शेवाळाबरोबर कधी कधी चपटी, टोकाला दुभंगत जाणारी हिरवी पानं चिकटलेली दिसतात. त्यांना खरी मुळं नसतात, फुलं तर नसतातच. जुन्या अभ्यासकांना तो आकार यकृतासारखा वाटला, म्हणून हे नाव. पाण्यातून जमिनीवर आलेल्या अगदी पहिल्या वनस्पतींची ही जवळची वंशज मानतात.

तीसेक वर्षांपूर्वी सर सायकलवरून या भागात फिरत असताना कऱ्हाटीला साळव्यांच्या मळ्यात पाणी प्यायला थांबले होते. बौद्ध झाल्यावर साळव्यांनी स्वतः खणलेली ती विहीर. पाणी पिता पिता सरांना आतल्या दगडावर एक यकृतका दिसली, रुंद आणि इतकी पातळ की उजेड आरपार जावा. असं वर्णन तोवर कुठेच नव्हतं. सरांनी ती नवी जात म्हणून नोंदवली आणि तिला गावाचं नाव दिलं. सरांनी आयुष्यात पुष्कळ झाडं ओळखली, पण नाव दिलं ते एवढ्या एकीला.

आता काळ बदलला आहे. माझी विद्यार्थिनी मंजिरी एका प्रयोगशाळेत वनस्पतींचा डीएनए वाचते. सूर्यप्रकाशातून अन्न करण्याच्या कामातलं एक जनुक प्रत्येक हिरव्या वनस्पतीत असतं. दोन वनस्पतींमधलं ते जनुक अक्षर अक्षर ताडून पाहायचं. जितका फरक जास्त, तितकं नातं लांबचं. हे ऐकल्यावर सरांनी तिला एकच प्रश्न विचारला, "माझी कऱ्हाटीची खरंच वेगळी आहे का, ते कळेल?"

"कळेल, पण ताजी हवी," मंजिरी म्हणाली. जुने नमुने किडीपासून वाचवायला पाऱ्याच्या क्षारात बुडवलेले होते. त्यांतून तिला काहीच मिळालं नव्हतं.

बाहेर आल्यावर सर मला म्हणाले, "कुंदा, मला हे कळून जायचंय." कुठे जायचंय, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी कऱ्हाटीला पत्र टाकलं. ऑगस्टची तारीख ठरली, मग सरांच्या डोळ्याच्या दवाखान्यामुळे ती हुकली, आणि आम्ही निघालो ते सप्टेंबर सरता सरता.

कऱ्हाटी

बारामतीला लॉजवर मुक्काम करून सकाळी माणसं कोंबून नेणाऱ्या वडापच्या जीपने कऱ्हाटी गाठली. बारामतीजवळ उसाचा हिरवा पडदा डोळ्यांपुढून हलत नाही. पाटाचं पाणी मागे पडलं की तो पडदा एकदम संपतो. मग बाजरी, बाभळी, मधेच मेंढरांचा कळप आणि खूप मोठं आभाळ. पावसाची मोठी सर नुकती होऊन गेली होती, त्यामुळे माळावर पोपटी झाक होती. सर कडेच्या नजरेने ती पाहत होते.

आबा साळवे रस्त्यापर्यंत आले होते. वय सत्तरीचं, कडक इस्त्रीचा सदरा.

"जय भीम सर! किती वर्सांनी!"

"जय भीम आबा. आवाज तसाच आहे तुमचा."

"आवाजच ऱ्हायलाय, बाकी समदं सर्व्हिसिंगला आलंय."

घरात बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. आबांच्या पत्नी गयाबाईंनी चहा आणला. पुण्यात आम्ही पाहुण्याला "अर्धा कप?" असं विचारतो. इथे कप भरून बशीत सांडला नाही तर चहा दिलाच नाही, असं समजतात. साखर विचारायची तर पद्धतच नाही.

"आदी हिर बघू चला," आबा म्हणाले. त्यांचा चेहरा परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलासारखा झाला होता.

मी काठावरून आत वाकले. विहीर पांढरीशुभ्र होती. पाण्याच्या पातळीपासून वरपर्यंत चुना. दगड न् दगड उजळलेला.

"कशी वाटती?" आबा म्हणाले. "तुमचं पत्र आलं तवाच आमच्या पोराला, मिलिंदाला म्हनलं, सर येनार, संगट कॉलेजातल्या बाई येनार, आन् हिरीला ही घान! तारंचा बुरूस मारला, समदं शेवाळ खरडलं, वरनं दोन हात चुना दिला."

सरांनी माझ्याकडे तोंड वळवलं. "कुंदा, कशी आहे गं?"

"पांढरी आहे, सर."

सर दोन्ही हात काठीवर टेकून उभे राहिले. त्यांच्या कपाळावर आठी उमटली नाही. ते एवढंच म्हणाले, "छान केलंत आबा. बरेच कष्ट पडले असतील."

"पर झाडाला हात लावला न्हाय बरं का," आबा म्हणाले आणि त्यांनी विहिरीच्या पश्चिमेच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे दगडाच्या फटीतून उंबर उगवला होता. चांगला मनगटाएवढा जाड. त्याच्या मुळ्यांभोवती हातभर जागा चुन्याशिवाय सोडलेली होती, देवाच्या भोवती सोडावी तशी. "गावाच्या नावाचं झाड! भित्ताड फुगलंय त्याच्या पायी, गवंडी म्हनतो तोडा. मी म्हनलं, जीव गेला तरी न्हाय."

मग सगळं उलगडलं. त्या वेळी सर दोराला धरून उतरले होते ते उंबराच्या रोपाजवळ. साळव्यांच्या घराला वाटलं, सरांनी नाव दिलं ते या उंबराला. तीस वर्षं त्यांनी तो जपला. त्याची फांदी मोडली म्हणून नातवंडांनी धपाटे खाल्ले होते. आणि खरी ती, जिला कुणी ओळखत नव्हतं, ती पाहुण्यांच्या मानासाठी खरडून काढली होती.

सरांनी आबांना हळू आवाजात सांगितलं, की नाव दिलं ते उंबराला नव्हे, त्याच्या मुळाशी होतं त्या बारक्या हिरव्याला. आबा मटकन काठावर बसले.

"म्हंजी ते शेवाळ?"

गयाबाईंनी कपाळावर हात मारला. "तरी म्या म्हनत व्हते, उंबर तर साऱ्या दुनियेत हाय. त्याला आपल्या गावाचं नाव कोन कशाला दील? पर माझं ऐकतंय कोन!"

"तू कवा म्हनलीस?"

"मनातल्या मनात."

मी पदर खोचला. उंबराच्या मुळ्यांमागे ब्रश गेलेला नव्हता, तेव्हा तिथे पाहायलाच हवं होतं. भिंतीत बाहेर काढलेल्या दगडांवर पाय देत उतरायचं होतं. दोर माझ्या कमरेला, दुसरं टोक आबा आणि गयाबाईंच्या हातात.

"नीट धरा," गयाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "शेरातल्या बाईचं वजन हाय."

उंबराच्या दोन मुळ्यांच्या बेचक्यात, गार अंधारात, तळहाताएवढा हिरवा तुकडा शिल्लक होता. रुंद, पातळ, दगडाला गाल लावल्यासारखा चिकटलेला. मी वर ओरडले, "आहे, सर!" त्यातला थोडा चिमट्याने पाकिटात घेतला. बाहेर आले तेव्हा सर पाठ करून उभे होते आणि रुमाल चष्म्याच्या आत होता.

अळूचा वाफा

जेवणाआधी एक फजिती झाली. बरणीचं झाकण नीट लागलं नव्हतं. निळे दाणे ओल खाऊन गुलाबी झाले होते. असल्या दाण्यांत नमुना सुकत नाही, कुजतो. ते भाजले की पुन्हा निळे होतात. मी गयाबाईंकडे टाकाऊ पत्र्याचा तुकडा मागितला, कारण हे दाणे विषारी, घरच्या तव्यावर नकोत. परसात तीन दगड मांडून आम्ही ते भाजायला बसलो.

"साबुदाना हाय का काय?" त्यांनी विचारलं. दाणे निळे व्हायला लागले तशा त्या हरखल्या. "आगं बया! लुगड्याला असा रंग पायजे."

तिथे बसल्या बसल्या मी त्यांना विचारलं, की खरडलेला गाळ कुठे टाकला. त्यांनी न्हाणीच्या मागे बोट केलं. सांडपाण्यावर अळू लावला होता, त्याच्या वाफ्यात गाळ पसरला होता. अळूच्या सावलीबाहेर, उन्हात, चिखलावर बारीक हिरव्या फिती उगवल्या होत्या. अरुंद, जाड, खालून जांभळ्या. मी सरांना आणलं. ते सरळ मांडी घालून चिखलात बसले. बोटाच्या टोकाने एक फीत चाचपली, भिंग डोळ्याच्या कडेला धरून बराच वेळ पाहिली.

"ही विहिरीतली नाही," मी म्हणाले. "विहिरीतली रुंद आहे."

"हो," सर म्हणाले. "पण हिचंही एक पाकीट घे."

जेवायला हुलग्याचं शेंगोळं, बाजरीची भाकरी आणि लसणाची चटणी. आमच्याकडे हुलगे म्हटलं की नाकं मुरडतात. त्या दिवशी मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं. आबा मात्र जेवले नाहीत. भाकरीचा तुकडा मोडत बसले होते. "सर, म्या तुमच्या झाडाचा घात केला."

"आबा, घात करायचा असता तर उंबर तोडला असतात," सर म्हणाले. "ती सापडली ती उंबराच्या आडोशाला. जेवा आता."

इंदापूर

दुसऱ्या दिवशी इंदापूरकडे वळलो. वाटेत पणदऱ्याला पाटाच्या भिंतीवरून नेहमीच्या यकृतकेचा नमुना तुलनेसाठी घेतला. मंजिरीची तशी सूचना होती. दिसायला ही विहिरीतलीपेक्षा अळूतलीच्या जवळची होती, जाड आणि अरुंद.

इंदापूरच्या पुढे उजनीचं फुगलेलं पाणी पाहिलं की आपण देशावर आहोत हे विसरायला होतं. पलीकडचा काठ दिसत नाही, पाण्यावर बगळे, होडीत जाळं सोडवणारा माणूस. काठच्या झोपडीवजा खाणावळीत चिलापी तळत होते. सर कोकणातले. माशाचा वास आल्यावर पथ्य, वय, डॉक्टर, सगळं विसरले. खाणावळवाल्याने "बाबा, काटं हायत, दिसत्याल का?" असं विचारलं, तर म्हणाले, "काटे जिभेला दिसतात." आणि खरंच, ताटात काट्यांची नीट रास रचून ठेवली.

काठावर, दगडांच्या आडोशाला, इंदापूरची यकृतका पुष्कळ होती. तिची नोंद फार जुनी आहे, कुणीही ओळखेल अशी. सरांनी तिचा तुकडा डाव्या तळहातावर घेतला आणि अळूच्या वाफ्यातला उजव्या. अंगठ्याने दोन्ही पुन्हा पुन्हा चाचपले.

"कुंदा, सारख्या आहेत गं."

मी दोन्ही तुकडे भिंगाखाली धरले.

"गाळातून वर आली असेल, तर अळूतली ही विहिरीतलीच. उन्हात पडल्यावर तिने रूप बदललं. आणि ती इंदापूरचीच असेल, तर मी नाव दिलं ते एका जुन्याच बाईच्या सावलीतल्या पोशाखाला."

"पण ती रानातून कुठूनही तिथे येऊन उगवली असेल, सर."

"असेल ना. म्हणून तर पाकिटं चार केली. आता बोटांचं काम संपलं." त्यांनी हात पाण्यात धुतले.

पुणे

मंजिरीच्या प्रयोगशाळेत जनुकाची अक्षरं फिल्मवर काळ्या आडव्या रेघांच्या शिडीसारखी उमटतात. एकाने वाचायची, दुसऱ्याने लिहायची, अशी तिथली रीत. सर म्हणाले, "मला दिसणार नाही. मला ऐकवा."

मी फिल्म वाचायला बसले. ए, टी, टी, जी, सी. मंजिरीच्या हातात इंदापूरच्या नमुन्याचा कागद. मी वाचत होते ती विहिरीतली. दोन्ही जिथे जुळणार नाहीत तिथे तिने "थांबा" म्हणायचं. सर प्रत्येक अक्षराला टेबलावर बोट टेकवत होते. मला इतकं हळू वाचायचं कारण नव्हतं, पण वाचत राहिले. चहा आला, गार झाला. मंजिरी थांबा म्हणाली नाही. मग अळूतली वाचली. तेव्हाही नाही.

शेवटी पणदऱ्याची. थोडंसं वाचलं आणि "थांबा." पुढे पुन्हा "थांबा." ती इतक्यांदा म्हणाली, की सरांनी बोट उचलून हवेतच धरलं.

"दिसायला इंदापूरच्या यकृतकेसारखी, पण नातं लांबचं आहे," मंजिरी म्हणाली. "सर, एका जनुकावर निकाल देत नाही मी. दुसरंही वाचते. आणि सगळ्या शेजारी शेजारी, एकाच उन्हात लावून बघू या."

न सुकवता ओल्या कापडात आणलेले तुकडे लावून हिवाळाभर माझ्या गॅलरीत कुंड्या होत्या. उन्हात विहिरीतलीची नवी पानं अरुंद आणि जाड आली, खालून जांभळी. पणदऱ्याची शेजारीच वाढली, पण भिंगाखाली तिच्या पानाखालचे खवले वेगळे दिसले. एकदा वेगळं आहे हे कळल्यावर दिसले, हे महत्त्वाचं. दुसऱ्या जनुकानेही तेच सांगितलं.

सरांनी माझ्याकडून टिपण लिहून घेतलं. 'मी दिलेलं कऱ्हाटीचं नाव यापुढे वापरू नये. ती वनस्पती इंदापूरच्या जुन्या जातीचंच सावलीतलं रूप आहे.' खाली सही करताना कागद नजरेच्या कडेला धरून त्यांनी सावकाश अक्षरं काढली.

"पत्र टाकू का आबांना?" मी विचारलं.

"पत्राने नाही. त्यांच्या गावाचं नाव काढून घेतोय आपण."

पुन्हा कऱ्हाटी

फेब्रुवारीत गेलो. विहिरीचा चुना जागोजाग पोपडे धरत होता आणि पोपड्यांखाली हिरवं पुन्हा डोकावत होतं. आबांनी या वेळी कुणाला हात लावू दिला नव्हता.

ओट्यावर बसून सरांनी सगळं सांगितलं, काही न झाकता. आपण चुकलो, हेही. ते बोलत असताना मी आबांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून अंगणाकडे पाहत होते.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, ती इंदापुरातली आन् ही हिरीतली, एकच म्हनता. बरं. मग येगळी कंची निघाली?"

"पणदऱ्याची."

"पणदऱ्याची?" आबा ताडकन उठले. इतका वेळ नाव गेल्याचं दुःख त्यांनी गिळलं होतं, हे मात्र गिळवेना. "पाटाचं पानी पणदऱ्याला, ऊस पणदऱ्याला, दूध पणदऱ्याला, आन् आता झाडबी त्यांचंच? नीट वाचलं का तुमी? दुसऱ्यांदा वाचा!"

"दोनदा वाचलं, आबा," मी म्हणाले.

आतून हसण्याचा आवाज आला. गयाबाई पिठाचे हात तसेच घेऊन दारात आल्या. "सर, माझं माहेर पणदऱ्याचं," त्या म्हणाल्या. "पाटाच्या कडंलाच घर. त्या भिताडावर धुनं आपटून आपटून मी मोठी झाले. हितलं समदं गाव म्हनायचं, पणदऱ्यात काय ठेवलंय, नुसता चिखुल." आणि नवऱ्याकडे वळून, "आता बोला की!"

आबांच्या मिशा तेवढ्या हलल्या.

सरांनी आवाजाच्या दिशेने हात पुढे केला. "गयाबाई, मला त्या भिंतीपाशी न्याल का?"

आम्ही चौघं मिलिंदने आणलेल्या जीपने पणदऱ्याला गेलो. पाट भरून वाहत होता. गयाबाई पायऱ्यांवरून आधी खाली उतरल्या आणि वळून त्यांनी सरांचा हात धरला. एक एक पायरी सांगत त्यांना भिंतीपर्यंत नेलं, त्यांचं बोट धरून ओल्या दगडावर टेकवलं.

"ही का?" सरांनी विचारलं.

"न्हाय, ते नुसतं शेवाळ. हितं, जरा खाली. व्हय, ही."

सरांचं बोट तिथे थांबलं. वर आबा दोन्ही हातांत चपला धरून उभे होते, एक जोड बायकोचा आणि एक सरांचा.